वाफेच्या खोलीचे कार्ड

१

परवाना कार्यालयातून सोमवारी नाहीशी झालेली फाइल बुधवारी सकाळी सापडली. कपाटाच्या मागे, भिंतीला टेकून उभी होती. निसटून पडली असेल, असे सगळे म्हणाले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, कारण शुक्रवारी अकरा वाजता तिच्यावरच सुनावणी होती.

तपासनिसाचा जीव काही भांड्यात पडला नाही. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत कित्येक वर्षांची धूळ होती. बोट घातले तर काळे व्हावे अशी. फाइलवर मात्र धुळीचा कणही नव्हता.

फाइल एका हेल्थ क्लबची होती. त्या क्लबच्या वाफेच्या खोलीत सात आठवड्यांपूर्वी, एका गुरुवारी दुपारी, एक बाई वारली. ती तपासनिसाची बायको होती.

शहरातल्या सगळ्या हेल्थ क्लबांची तपासणी गेली बारा वर्षे तोच करत होता. क्लबांसाठीची नियमावलीही त्यानेच लिहिली होती. गिऱ्हाइकाला तीन दिवसांत नाव परत घेता यावे, आजारपण आले तर सभासदत्व आपोआप थांबावे, हे नियम दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावेत. तीन दिवसांची कल्पना तर बायकोचीच होती. जेवणाच्या टेबलावर मसुदा वाचून ती म्हणाली होती, "भिडेखातर सही करणाऱ्या बायका असतात हो. घरी येऊन चूक कळायला तीन दिवस तरी द्या." मग गुडघ्यांना वाफेचा शेक घ्यायला डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा ती हसत हसत त्या क्लबात गेली. "तुमच्या नियमांची मी पहिली गिऱ्हाईक," म्हणाली.

नियम क्रमांक एकोणीस वाफेच्या खोलीचा होता. खोलीबाहेर एक माणूस कायम हजर. दर पंधरा मिनिटांनी दार उघडून आत बघायचे आणि दारावर टांगलेल्या कार्डावर वेळ, आतल्या माणसांची संख्या आणि शेरा शाईने लिहायचा. रोज नवे कार्ड.

आता सुनावणीत प्रश्न एकच होता, आणि सात आठवडे तपासनिसाच्या डोक्यातही तोच होता. तिला कोणी पाहिले होते का? डॉक्टर म्हणाले होते, हृदय एकदम थांबले असेल किंवा हळूहळू. हळूहळू असेल, आणि पाच-दहा मिनिटांत कोणी दार उघडले असते, तर कदाचित. त्या 'कदाचित'ने त्याची झोप गेली, जेवण गेले. रोज संध्याकाळी तो मेहुण्याला एकच विचारायचा, "तिला कोणी बघितलं असेल का रे?"

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो याच कार्यालयात अभिलेख सांभाळायचा. फाइली त्याच्या ताब्यात, कपाट त्याच्या ताब्यात. पण ही फाइल तपासनिसाला दाखवायला कार्यालयाच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी सक्त मनाई केली होती. "तुम्ही नातेवाईक आहात. या प्रकरणात तुम्ही अधिकारी नाही," त्या म्हणाल्या होत्या, आणि ते बरोबरच होते.

त्या बुधवारी मॅडम बैठकीला गेल्या आणि मेहुणा फाइल घेऊन त्याच्या टेबलाशी आला.

"भावोजी, दहा मिनिटं आहेत. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मोकळे व्हा."

त्या दिवशीचे कार्ड वरच लावलेले होते. चार वाजता: आत दोन, ठीक. सव्वाचारला: आत एक, ठीक. साडेचार, पावणेपाच: ठीक. मग पाच वाजता: 'आत एक. बाई बोलल्या. हसल्या.' सव्वापाचला: 'बाई पडलेल्या. सगळ्यांना बोलावले.'

तपासनिसाने ते चारदा वाचले. पाच वाजता ती हसली होती. म्हणजे कोणीतरी होते. म्हणजे जे झाले ते अचानक झाले. सात आठवड्यांनी त्याच्या छातीवरचा दगड थोडा हलला आणि त्याने डोळे पुसले.

"बघा," मेहुणा हळू आवाजात म्हणाला, "मी म्हणत होतो ना?"

तपासनिसाने नोंदी आपल्या डायरीत उतरवून घेतल्या. मग कार्ड परत लावताना त्याची बोटे थबकली. बारा वर्षांत असली हजारो कार्डे त्याच्या हातातून गेली होती. वाफेशेजारी दिवसभर टांगलेले कार्ड ओले होते, मग वाळते आणि जुन्या पानासारखे वाकडे होते. ते पुन्हा कधी सरळ होत नाही. दाबून ठेवले तरी होत नाही.

हे कार्ड टेबलावर सपाट पडून होते. ते त्या दारावर कधी टांगलेलेच नव्हते.

२

तो मेहुण्याला काही बोलला नाही. मॅडम परत आल्यावर त्यांच्या खोलीत गेला.

"मॅडम, फाइल नाहीशी झाली त्याच्या आधी कपाटाजवळ कोण कोण होतं?"

मॅडमनी चष्मा काढला. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेल्या, शब्द मोजून बोलणाऱ्या बाई. "मी म्हटलं होतं ना, यात पडू नका?"

"फाइलबद्दल नाही विचारत. कपाटाबद्दल विचारतोय."

"वा! फाइल नको, कपाट हवं. वकील व्हायला हवं होतं तुम्ही." पण त्यांनी सांगितले. गेल्या शुक्रवारी क्लबचा मालक आणि वाफेच्या खोलीच्या दाराशी बसणारी ती मावशी, दोघेही जबाब द्यायला आले होते. कपाट उघडे होते. मेहुणा कागदांच्या प्रती काढायला खाली गेला होता, तेव्हा ती दोघे अर्धा तास त्या खोलीत बसली होती. बाकी किल्ल्या दोनच. एक मेहुण्याकडे, एक त्यांच्याकडे.

"म्हणजे चार माणसं," तपासनीस म्हणाला.

"चार. मलाही मोजलंत, बरं केलंत." त्या कडवट हसल्या. "मागच्या वर्षी त्या क्लबच्या परवान्यावर सही माझीच आहे. प्रकरण स्वच्छ निघालं तर सगळ्यात जास्त सुटका माझी होईल. तेही लिहून घ्या."

"तुम्ही फाइल वाचलीत?"

"सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी वाचते मी. आधी वाचलं की मत बनतं." मग त्यांचा आवाज उतरला. "घरी जा. तुमची तब्येत बघवत नाही. शुक्रवारी काय व्हायचं ते होईल."

तो घरी गेला नाही, क्लबात गेला. पत्नी गेल्यापासून तो त्या रस्त्याने एकदाही गेला नव्हता. बस चुकवून, दोन गल्ल्या फिरून जायचा.

३

मालकाला सगळे पैलवान म्हणत, जरी तो आयुष्यात कधी मातीत उतरला नसावा. पोट सुटलेले, गळ्यात शिट्टी. तपासनिसाला पाहताच तो उठून उभा राहिला.

"या साहेब. म्हणजे… कसे आहात?"

दर्शनी भिंतीवर नियमांचा फलक होता. तपासनिसाने लिहिलेली वाक्ये, तपासनिसाच्या बायकोचे तीन दिवस. त्याने तिकडे पाठ केली.

"कार्डाबद्दल बोलायचं होतं."

पैलवानाने लगेच दोन्ही हात वर केले. "ती चूक मान्य. शंभर टक्के मान्य. पण त्या संध्याकाळी पोलीस म्हणाले, आहे तसं पाकिटात घाला आणि परवाना कार्यालयाला पाठवा. म्हणून आहे तसं दिलं. नाहीतर नीट करून दिलं असतं."

"नीट करून म्हणजे?"

"म्हणजे नियमाप्रमाणे. जसं तुम्ही तपासणीला येता तेव्हा असतं तसं." एवढे बोलून तो ओशाळला. "आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? पण त्यापलीकडे काही विचारू नका, साहेब. शुक्रवारी मॅडम विचारतील तेव्हा सांगेन."

"गेल्या शुक्रवारी कपाटाला हात लावला होतास?"

"मी?" पैलवान खरोखरच दचकला. "मला त्या कार्डापासून लांब पळायचंय, साहेब. ते पुन्हा हातात कोण घेईल?"

"परवाना जाईल म्हणून भीती वाटते?"

पैलवान खुर्चीत बसला. शिट्टीशी चाळा करू लागला. "दहा वर्षं मी तुम्हाला मनात शिव्या घातल्या. कुंपण घालतात, कुंपण घालतात, शेत कधी पिकू देणार? असं म्हणायचो. पण आता…" त्याने मान हलवली. "जाऊ द्या. जखमेवर मीठ कशाला चोळू?"

तपासनीस त्याच्याकडे बघत राहिला. परवाना जायची भीती ज्याला वाटायला हवी, तो माणूस त्याच्याकडे चक्क दयेने पाहत होता. असे काय होते त्या कार्डात, की आरोपीला फिर्यादीची कीव यावी?

४

वाफेची खोली तळघरात होती. पायऱ्या उतरतानाच ओली, गरम हवा अंगाला चिकटली. दारासमोर स्टुलावर मावशी बसली होती. पन्नाशी उलटलेली, पदर खोचलेला, हातात पुसायचे फडके. तिने त्याला ओळखले आणि पटकन उभी राहिली.

"बसा मावशी. मी तपासणीला नाही आलो."

"मग कशाला आलात हो?" तिच्या तोंडून निघून गेले. मग म्हणाली, "रागावू नका. इथं येऊ नये तुम्ही. माणसानं आपल्या जिवाला किती डागण्या द्याव्यात?"

तो दाराकडे बघत होता. लाकडी दार, छातीच्या उंचीला चौकोनी काच. काचेखाली खिळ्याला आजचे कार्ड लटकत होते. दमट होऊन खालचे टोक वळलेले. शेजारी दोऱ्याला बांधलेला पेन्सिलीचा तुकडा होता.

"पेन्सिल?" त्याने विचारले.

"पेन उमटतच नाही ना. ओल्या कार्डावर नुसतं घसरतं. ह्या नोकरीला लागले त्या दिवसापासून पेन्सिलच आहे."

"पण मी बघतो ती कार्डं तर शाईची असतात."

मावशी खाली बघत फडके पिळू लागली. "महिना संपला की वाळलेली कार्डं घेऊन वर बसते आणि पेन्सिलीवरून पेन फिरवते. सगळ्याच क्लबात असंच करतात. खोटं नाही हो लिहीत, जे आहे तेच गिरवते. ज्यानं तो शाईचा नियम लिहिला, तो कधी वाफेच्या दारात उभा राहिला नसणार."

"मीच लिहिलाय तो."

"अगं बाई!" मावशीने जीभ चावली.

त्याही परिस्थितीत त्याला हसू आले. सात आठवड्यांतले पहिले. ते आले आणि तिथेच विरले, कारण आपली बायको असती तर ती किती हसली असती, हे त्याच्या मनात आले.

त्याने डायरी उघडून मावशीपुढे धरली. "त्या दिवशीच्या नोंदी आहेत. वाचा बरं."

मावशीने ओळीखाली बोट धरले आणि एकेक अक्षर लावत वाचू लागली. "चा…र वाज…ता. आत दो…न." मध्येच थांबून म्हणाली, "मला वाचायला वेळ लागतो, साहेब. लिहिते ते माझं मला कळतं, दुसऱ्याचं अक्षर जड जातं."

तो आवाज, ते थांबत थांबत वाचणे, हे आपण कुठेतरी ऐकले आहे असे तपासनिसाला वाटले. कुठे, ते आठवेना.

पावणेपाचच्या नोंदीवर मावशीचे बोट थांबले. तिने वर पाहिले. मग पुढची ओळ वाचली. 'बाई बोलल्या. हसल्या.'

"हे तुम्ही लिहिलंत?"

आतून वाफेचा फुस्स आवाज आला. तिने सवयीने दार उघडून आत पाहिले, कार्डावर पेन्सिलीने खूण केली आणि त्याच्याकडे पाठ ठेवूनच बोलली.

"कार्ड म्हणतं ना तसं? मग तसंच असू द्या. तुम्हाला त्यात बरं वाटत असेल तर तसंच असू द्या, साहेब."

५

गुरुवारी दुपारी मॅडम वरच्या मजल्यावर होत्या. तपासनीस अभिलेखाच्या खोलीत गेला आणि मागे दार लावून घेतले. मेहुणा शिडीवर चढून गठ्ठे लावत होता.

"खाली ये," तपासनीस म्हणाला. "बस."

"काय झालं, भावोजी?"

"ते कार्ड बदललेलं आहे."

मेहुणा शिडीच्या शेवटच्या पायरीवरच बसला.

"कसं ते सांगतो. ते कार्ड कधी ओलं झालेलं नाही, म्हणजे दारावर नव्हतंच. ते शाईत लिहिलंय आणि शाईखाली पेन्सिल नाही. क्लबात सगळ्यांना माहीत आहे की वाफेशी पेन्सिलच चालते आणि शाई महिनाअखेरीला चढते. पोलिसांनी तर त्याच संध्याकाळी 'आहे तसं' पाकिटात घालायला लावलं. म्हणजे खरं कार्ड पेन्सिलीत होतं. पैलवान काल त्याचीच माफी मागत होता. खोटं कार्ड त्यानं केलं असतं तर पेन्सिलीत केलं असतं. मावशीनं केलं असतं तरी पेन्सिलीतच. शाईत कोण लिहील? ज्यानं ही कार्डं फक्त महिनाअखेरीनंतर, गिरवलेलीच पाहिली आहेत तो. माझ्यासारखाच. म्हणजे या इमारतीतला माणूस."

"मॅडमकडेही किल्ली आहे," मेहुणा पुटपुटला.

"आहे. आणि प्रकरण स्वच्छ निघालं तर त्यांचा फायदाही आहे. मीही रात्रभर तोच विचार केला. पण मॅडमनी लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? 'आत एक, ठीक.' एवढं पुरलं असतं. पाचची नोंद आठव. 'बाई बोलल्या. हसल्या.' परवाना वाचवायला हसण्याची गरज नाही रे. सुनावणीत ते कोणी विचारणारही नव्हतं." तो एक पाऊल पुढे आला. "ते वाक्य एका माणसानं वाचावं म्हणून लिहिलंय. मॅडमनी मला फाइलीला हात लावायची बंदी केली होती. आणि तू ती आपल्या हातानं माझ्या टेबलावर आणून ठेवलीस."

मेहुण्याने तोंड दोन्ही हातांत झाकले. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, लहान मुलासारखे खांदे हलवत रडू लागला.

"खरं कार्ड दे," तपासनीस म्हणाला.

"नाही."

"फाडलंस?"

"बावीस वर्षं कागद सांभाळतोय. फाडायला हातच उठला नाही. पण देणार नाही, भावोजी. ताईची शपथ घालतो. मागू नका."

"तिची शपथ मला नको घालू. मला एवढंच सांग, त्यात असं काय आहे, जे मी बघू नये? मावशी झोपली होती? गप्पा मारत होती? असेल तर असेल. मी तिला माफ करीन."

"मावशीला माफ करायचं काही नाहीये."

"मग पैलवानाला?"

मेहुण्याने मान हलवली.

"मग कोणाला?"

मेहुणा उठला. सर्वांत खालच्या खणातून एक लिफाफा काढून त्याने तो हातात गच्च धरला. "उद्या मॅडम सगळ्यांसमोर हे मोठ्यानं वाचणार होत्या. तुम्ही समोर बसलेले असणार होता. ते मला बघवलं नसतं. म्हणून केलं. पैलवान बोलणार नाही असं वाटलं, त्याचाच फायदा होता. नोकरी जाईल हे माहीत होतं मला." त्याने लिफाफा पुढे केला. "ताई गेली. तुम्हीही राहणार नाही, असं वाटलं."

कार्ड वाकडे होते, जुन्या पानासारखे. पेन्सिलीची मोठी, लावून लावून काढलेली अक्षरे.

साडेचार. आत एक. ठीक.

पावणेपाचला पाच मिनिटे कमी असताना आणखी एक ओळ होती. 'वर बोलवलं. परवाना ऑफिसचा फोन. महिन्याची कार्ड वाचून दाखवायला.'

पुढची नोंद सव्वापाचची.

तपासनिसाला मावशीचा आवाज कुठे ऐकला ते आठवले.

परवान्यांच्या नूतनीकरणाचा तो आठवडा होता. अकरा क्लबांना त्याने एकेक करून फोन केले होते. मालक लोक कार्डे न बघताच 'सगळं व्यवस्थित आहे' म्हणतात, म्हणून त्याने या वर्षी नवी पद्धत काढली होती. जो कार्डे लिहितो त्यालाच फोनवर बोलवायचे आणि महिन्यातले प्रत्येक कार्ड तारखेसकट वाचून घ्यायचे. त्या दिवशीचा शेवटचा फोन लांबला होता. पलीकडची बाई अक्षर लावत लावत वाचत होती. मध्येच ती म्हणाली होती, "साहेब, खाली जाऊन येऊ का जरा?" आणि तो म्हणाला होता, "आधी हे संपवा. बाई, तुमच्याच सुरक्षेसाठी चाललंय हे." तो त्रासला होता. घड्याळाकडे बघत होता. सव्वापाच झाले, तीस कार्डे संपली आणि त्याने समाधानाने यादीवर बरोबरची खूण केली. अर्ध्या तासाने त्याच टेबलावरचा तोच फोन वाजला, तो हॉस्पिटलचा होता. त्या फोनने दिवसभरातले बाकी सगळे फोन त्याच्या डोक्यातून पुसून टाकले होते.

बायको नेहमी सकाळी जायची. त्या दिवशी सकाळी नळ दुरुस्त करायला माणूस यायचा होता, म्हणून ती दुपारी गेली. हे त्याला माहीत नव्हते. तिने सांगितले असेलही. कामाच्या घाईत त्याने ऐकले नसेल.

"भावोजी," मेहुणा म्हणत होता. "भावोजी, बसा. पाणी घ्या. भावोजी, माझ्याकडे बघा."

६

शुक्रवारी अकरा वाजता मॅडमनी फाइल उघडली. त्याआधी तपासनिसाने लिफाफा त्यांच्यापुढे ठेवला.

"हे खरं कार्ड. फाइलीत आहे ते बदललेलं आहे."

मेहुणा मागच्या रांगेतून उभा राहिला. "मी बदललं, मॅडम. शपथेवर सांगतो. दुसऱ्या कोणाचा यात हात नाही."

पैलवानाने शिट्टी मुठीत घेतली आणि डोळे मिटून घेतले. मावशी पदराचे टोक तोंडाशी धरून बसली होती.

मॅडमनी कार्ड वाचले. मोठ्याने नाही, मनात. मग ते उलटे ठेवले आणि त्यावर हात ठेवला.

"हा फोन कोणाचा होता, हे नोंदवायला हवं का?" त्यांनी अगदी हळू विचारले. "कार्यालयाचा फोन, एवढं पुरे आहे."

"नाही पुरे," तपासनीस म्हणाला. "लिहून घ्या. फोन माझा होता. पद्धत माझी होती. बाईंनी खाली जायची परवानगी मागितली, ती मी दिली नाही. पस्तीस मिनिटं दाराशी कोणी नव्हतं, ते माझ्यामुळे."

लिपिकाची लेखणी थांबली. मॅडमनी त्याला लिहायची खूण केली.

"मालकानं दुसरा माणूस दाराशी उभा करायला हवा होता," त्या म्हणाल्या.

"तसा नियम नाही," तपासनीस म्हणाला. "मी लिहायला विसरलो. नियमात मी मालकावर नजर ठेवली, गिऱ्हाइकाला तीन दिवस दिले, फलक किती उंचीवर लावायचा तेही लिहिलं. दाराशी बसलेल्या बाईला कोणी कोणी उठवू नये, ते लिहिलं नाही. ते आता घाला, मॅडम. वाफेच्या खोलीत माणूस असताना दारावरच्या माणसाला कोणीही बोलवायचं नाही. मालकानं नाही, पोलिसांनी नाही, परवाना कार्यालयानं तर नाहीच. आणि शाईची अट काढून टाका."

मॅडमनी स्वतःच्या हाताने ते लिहून घेतले. दाराशी दुसरा माणूस नेमेपर्यंत वाफेची खोली बंद ठेवावी, असा आदेश दिला. मावशीवर ठपका नाही. मेहुण्याची चौकशी होईल, तोवर त्याने किल्ली जमा करावी. मेहुण्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर न जाता तपासनिसाच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. दोघे एकमेकांकडे बघत नव्हते, पण त्यांचे खांदे टेकलेले होते.

सुनावणी संपल्यावर तपासनिसाने मावशीला जिन्यात गाठले.

"मावशी, परवा मी रागावलो नाही ना तुमच्यावर?"

"नाही हो. तुम्ही फोनवर रागावला होता, तेवढंच." बोलून ती स्वतःच दचकली. "माफ करा. मी अशीच आहे, तोंडाला कुलूप नाही. मी तरी उठून जायला हवं होतं, साहेब. नोकरीला भ्याले."

"तुम्ही विचारलं होतंत. मी ऐकलं नाही." त्याने कठडा धरला. "मला एक सांगा. साडेचारला तुम्ही दार उघडलंत तेव्हा ती कशी होती?"

मावशीने त्याच्याकडे नीट पाहिले. "बरं वाटेल असं सांगू, की खरं सांगू?"

"खरं."

"बाकावर बसल्या होत्या. डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले. मी म्हटलं, बरं आहे ना, ताई? तर बोलल्या नाहीत. नुसता हात वर केला."

"हसली?"

"नाही, साहेब. वाफ होती, तोंड नीट दिसत नव्हतं. हात तेवढा दिसला."

"कसा वर केला?"

मावशीने उजवा हात वर केला. कोपरापासून, सावकाश, तळवा त्याच्याकडे. चाललंय, तू जा, असे सांगावे तसा.

घरात बायको स्वयंपाक करत असताना तो दारातून डोकावायचा, तेव्हा ती असाच हात करायची.

जिन्यात लोक ये-जा करत होते. मेहुणा खालच्या पायरीवर उभा राहून वाट बघत होता.

"मावशी," तपासनीस म्हणाला, "पुन्हा एकदा दाखवता का?"

मावशीने हातातली पिशवी खाली ठेवली.